जुन्या व्हाइसचें वय कसें ओळखावें

ज्यांच्या विहिरीवर एके काळीं ऑइल इंजिन होतें, ज्यांच्या वाड्यांत नांगराच्या फाळाची दुरुस्ती घरींच करण्याची रीत होती, अथवा ज्यांच्या वडिलांनीं गांवच्या लोहाराचें दुकान बंद पडतांना त्याचीं हत्यारें विकत घेतलीं, अशा बहुतेक बागाईतदारांच्या गोठ्याच्या कोपऱ्यांत एखादा जुना व्हाइस गंज खात पडलेला असतो. पुस्तकी मराठींत त्यास शेगडा म्हणतात. परंतु आमच्या कोरेगांव तालुक्यांत शेतकरी, लोहार व फिटर हे सर्व व्हाइसच म्हणतात, म्हणून आम्हींही तोच शब्द येथें ठेवला आहे. दोन जबड्यांमध्यें वस्तु धरून मळसूत्र आवळावें, आणि मग कानस, छिन्नी अगर करवत चालवावी, एवढेंच त्याचें काम. पण तें काम त्यावांचून कोणासही नीट करतां येत नाहीं.

हल्लीं जुन्या लोखंडाचा टेंपो गांवोगांव फिरतो, आणि घेवड्याच्या पोत्याप्रमाणें हा व्हाइसही तराजूवर चढतो. घडीव लोखंड कोणतें व ओतीव कोणतें, शंभर वर्षांचें काम कोणतें व दहा वर्षांचें कोणतें, हें तराजूस कळत नाहीं. ज्याच्या घरचा माल त्यासही तें कळत नसेल तर भंगाराचा भाव हाच त्याचा भाव ठरतो. याच्या उलट प्रकारही आम्हीं पाहिला आहे. जुन्या हत्यारांचे शौकीन शहरांत वाढले आहेत, आणि त्यांच्या हौसेवर डोळा ठेवून कालपरवां ओतलेल्या व्हाइसवर तेल व काजळी चोळून तो 'इंग्रजांच्या वेळचा' म्हणून चौपट किंमतीस विकणारेही निघाले आहेत. दोन्ही ठिकाणीं नुकसान अज्ञानाचेंच होतें.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत कागद वाचण्यांत गेलें. जुन्या कागदाचें वय त्यांतील मजकुरापेक्षां त्यावरील स्टांप, शिक्का आणि जिल्ह्याचें नांव यांवरून अधिक खात्रीनें ठरतें. लोखंडासही हाच नियम लागू पडतो. एकाच खुणेवरून साल सांगणारा मनुष्य बहुधा थाप मारीत असतो. एक खूण म्हणते 'याच्या अगोदरचा नव्हे', दुसरी म्हणते 'याच्या नंतरचा नव्हे', आणि या दोन बांधांच्या मधें जें क्षेत्र उरतें तें त्या वस्तूचें खरें वय. हें मोजणीचें काम आहे, यांत चमत्कार कांहीं नाहीं.

व्हाइसच्या जाती मुख्यतः दोन. पहिली लांब पायाची. हिचा मागचा जबडा खालीं वाढत जाऊन जमिनीस टेकतो. पुढचा जबडा खालच्या सांध्यावर हलतो, आणि मळसूत्र सैल केलें कीं मधली पोलादी कमान त्यास पुढें ढकलते. घणाचा ठोका बसला तर धक्का पायांतून जमिनींत जातो, टेबलास लागत नाहीं; म्हणून लोहारास हीच जात प्रिय. हिचा दोष असा कीं जबडा कमानीच्या रेषेंत उघडतो, त्यामुळें जाड वस्तु धरली असतां दोन्ही तोंडें समांतर राहत नाहींत. दुसरी जात टेबलावर बोल्टांनीं बसविण्याची. तिचा जबडा सरळ रेषेंत सरकतो व तोंडें सदैव समांतर राहतात. ही बहुधा बिडाची ओतलेली असते, आणि फिटरच्या कामास हीच लागते.

लांब पायाचा व्हाइस ऐरणीवर घडविलेला असतो, आणि त्याचें वय त्याच्या घडणींतच वाचावें लागतें. प्रथम लोखंडाचा पोत पाहावा. जुनें घडीव लोखंड भट्टींतील मळीसह कुटून काढलेलें असे; त्यामुळें मळीचे बारीक धागे त्यांत राहून जात. वर्षानुवर्षें पावसांत पडलेल्या पायावर गंजानें हे धागे उघडे पडतात, आणि लोखंड उसाच्या चिपाडासारखें रेषारेषांचें दिसूं लागतें. मऊ पोलाद पातळ रस करून ओतलेल्या लादीपासून केलेलें असल्यामुळें त्यावर गंज ठिपक्याठिपक्यांनीं चढतो. रेषा पडत नाहींत. बेसेमर यानें इंग्लंडांत १८५६ सालीं स्वस्त पोलादाची रीत काढली, आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत पोलादानें घडीव लोखंडास हळूहळू मागें सारलें. म्हणून रेषांचा पाय दिसला तर तो पहिल्या महायुद्धापूर्वींचा असण्याचा संभव मोठा. खात्री मात्र याच एका खुणेवर करूं नये, कारण जुनें घडीव लोखंड पुन्हां तापवून नवी वस्तु करणारे लोहार आपल्याकडे पुष्कळ होते.

दुसरें पाहण्याचें स्थान म्हणजे मळसूत्र ज्या नळींत फिरतें ती पेटी. मळसूत्र पूर्ण काढून घ्यावें व नळींत दिव्याचा उजेड पाडावा. फार जुन्या नळींत आटे कापलेले नसतात. लोखंडाची चौकोनी पट्टी गुंडाळून आंत बसविलेली व पितळेच्या डाकानें जोडलेली असते, आणि पट्टीच्या कडेस पितळेची पिवळी रेघ आढळते. पुढें नळी भरीव करून तिच्यांतच आटे कापूं लागले. इंग्लंडांतील डडली गांवच्या पीटर राइट या कारखान्याच्या व्हाइसांवर भरीव पेटीच्या पेटंटाचा जो उल्लेख असतो तो याच सुधारणेचा. पिवळी रेघ दिसली कीं तो व्हाइस भंगारांत देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तशी घडण आतां कोणी करीत नाहीं.

येथें ऐरणीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें, कारण व्हाइस व ऐरण एकाच घरीं सांपडतात. इंग्रजी ऐरणीच्या अंगावर बहुधा तीन आंकडे असतात, जसें १, २, १४. लोक त्यांतून साल काढूं पाहतात. तें साल नसून वजन आहे. पहिला आंकडा हंड्रेडवेटांचा, म्हणजे ११२ पौंडांचा; दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे २८ पौंडांचा; तिसरा सुट्या पौंडांचा. यावरून वरील ऐरण १८२ पौंडांची, म्हणजे सुमारें साडेब्यांशी किलोंची झाली. व्हाइसवरील एकटा आंकडाही बहुतेक वेळां जबड्याच्या मापाचा किंवा ओतकामाच्या सांच्याचा असतो. 'याच्यावर ३६ आहे, म्हणजे हा १९३६ चा' असें आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे. त्यास कांहीं आधार नाहीं.

खरें साल ठोकलेलें असलें तरी तेंही विचारूनच घ्यावें. अमेरिकेंतील शिकागो शहरीं १९४१ सालीं निघालेल्या विल्टन या कारखान्याच्या व्हाइसांवर, सरकत्या दांड्याच्या खालच्या खांचेंत, महिना व वर्ष ठोकलेलें असतें. सुरुवातीच्या काळांत हें साल माल तयार झाल्याचें नसून पांच वर्षांची हमी संपण्याचें असे! तेव्हां १९५० असें वाचून तो १९५० चा समजणारा मनुष्य पांच वर्षांनीं चुकतो. आमच्याकडील दस्तऐवजांतही लिहून दिल्याची तारीख व नोंदणीची तारीख वेगळी असते, हें वाचकांस सांगावयास नकोच.

आतां बिडाच्या व्हाइसकडे वळूं. यावर अक्षरें असतात, परंतु रंगाच्या व गंजाच्या थरांखालीं तीं दडलेलीं असतात. रॉकेलांत भिजविलेल्या चिंधीनें तो रात्रभर गुंडाळून ठेवावा व सकाळीं तारेच्या ब्रशानें हलक्या हातानें घांसावा. ग्राइंडर मुळींच लावूं नये; ग्राइंडर लावणें म्हणजे जुन्या सनदेवरील मोर्तब खरडून काढण्यासारखें आहे. नंतर अक्षरांवर खडू चोळून बाजूनें दिवा धरावा, अथवा वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीची पाती आडवी फिरवावी. जीं अक्षरें डोळ्यास दिसत नाहींत तीं कागदावर उमटतात.

अक्षरें वाचतांना एक भेद पक्का लक्षांत ठेवावा. जीं अक्षरें उठावाचीं आहेत तीं वस्तूबरोबरच ओतलेलीं, म्हणजे कारखान्याचीं. जीं खोल ठोकलेलीं आहेत, विशेषतः वांकडीतिकडीं, तीं बहुधा मागाहून मालकानें ठोकलेलीं. कारखान्याचीं अक्षरें 'याच्या अगोदरचा नव्हे' हें सांगतात. मालकाचीं अक्षरें 'याच्या नंतरचा नव्हे' हें सांगतात. या दोहोंची जोडी जमली कीं काम झालें.

मालकाच्या अक्षरांत आमच्या भागास सर्वांत उपयोगी तीं रेल्वेचीं. पुण्याहून मिरजेस जाणारी, कोरेगांव व सातारा रोड या स्टेशनांवरून गेलेली लाइन मूळ मीटर गेजची असून ती सदर्न मराठा रेल्वे कंपनीची होती. ही कंपनी १८८२ सालीं निघाली. १९०८ च्या आरंभीं तिचें मद्रास रेल्वेशीं एकीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे लोकांची 'एम्. एस्. एम्.', बनली, आणि १९५१ च्या एप्रिलांत ती दक्षिण रेल्वेंत मिळाली. सबब 'एस्. एम्. आर्.' एवढींच अक्षरें असतील तर वस्तु १९०७ पर्यंत कंपनीच्या ताब्यांत आलेली; 'एम्. एस्. एम्. आर्.' असतील तर ठोका १९०८ ते १९५१ या काळांतला. 'जी. आय्. पी.' हीं अक्षरें मुंबईकडून आलेल्या मालावर आढळतात; ती रेल्वेही १९५१ च्या नोव्हेंबरांत मध्य रेल्वे झाली. सरकारी लष्करी मालावर पक्ष्याच्या पावलासारखें तीन रेघांचें बाणाचें चिन्ह असतें. त्याच्याजवळ रोमन 'आय्' अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारच्या लष्करी भांडाराचा, आणि शेजारीं साल ठोकलेलें असेल तर तें विश्वासार्ह मानावें. रेल्वेचा माल आपल्या गोठ्यांत कसा आला हें आम्ही कोणास विचारीत नाहीं. लिलांव झाले, हें खरेंच आहे.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. आमच्या तालुक्यांतील एका सुखवस्तु घरीं असलेला बिडाचा व्हाइस आम्हांस दाखविण्यांत आला. घरांत अशी आख्यायिका कीं पणजोबांनीं पहिल्या प्लेगाच्या सालीं, म्हणजे १८९७ च्या सुमारास, तो पुण्याहून बैलगाडींत आणला. रॉकेलानें धुतल्यावर बाजूस उठावाचीं अक्षरें निघालीं: 'रेकॉर्ड', 'नंबर ३', आणि खालीं 'इंग्लंड'. रेकॉर्ड हें शेफील्ड येथील सी. अँड जे. हँप्टन या कारखान्याचें व्यापारी नांव. कारखाना १८९८ चा, आणि रेकॉर्ड हें नांव १९०९ पासूनचें. नंबर ३ म्हणजे चार इंची जबडा. तोही मापून बरोबर निघाला. मागच्या बाजूस 'एम्. एस्. एम्. आर्.' हीं अक्षरें वांकडीं ठोकलेलीं. तेव्हां हा व्हाइस १९०९ नंतर बनला व १९५१ पूर्वीं रेल्वेच्या ताब्यांत होता, एवढें निर्विवाद झालें. प्लेगाचें साल व बैलगाडी दोन्हीं गळलीं. घरचे वृद्ध गृहस्थ थोडे खट्टू झाले. परंतु त्याच घरीं माळ्यावर लांब पायाचा दुसरा एक व्हाइस कमान तुटलेला पडला होता, आणि त्याच्या पेटींत पितळेची रेघ होती. पणजोबांनीं आणलेला तोच असावा, असें आम्हांस वाटतें. आख्यायिका खरी राहून केवळ वस्तु बदलली असणें हें फार वेळां घडतें. विशेष हें कीं त्या दुसऱ्याचा सौदा भंगारवाल्याशीं आधींच झाला होता. तो मोडला.

देशाच्या नांवावरूनही पुष्कळ कळतें. अमेरिकेनें १८९० च्या जकात कायद्यानें बाहेरून येणाऱ्या मालावर त्या त्या देशाचें नांव असलेंच पाहिजे असें ठरविलें, तेव्हांपासून यूरोपांतील कारखानदार देशाचें नांव सर्रास घालूं लागले. म्हणून 'इंग्लंड' असें असेल तर तो माल १८९० नंतरचा असण्याचा संभव अधिक. परंतु नांव नाहीं म्हणून तो जुनाच, असा उलट अर्थ काढूं नये. 'पश्चिम जर्मनी' हा शब्द मात्र निःसंदिग्ध आहे: तो १९४९ ते १९९० या काळापुरताच. जर्मन मालावर 'डी. आर्. जी. एम्.' हीं चार अक्षरें असतील तर तो १८९१ नंतरचा व दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतचा. 'चेकोस्लोव्हाकिया' १९१८ पूर्वीं नव्हता व १९९२ नंतर राहिला नाहीं. 'ऑक्युपाइड जपान' असे शब्द असणारा माल महायुद्धांतील पराभवानंतर तो देश परक्या लष्कराच्या ताब्यांत असतांनाचा, म्हणजे १९५२ पर्यंतच्या थोड्या वर्षांतला.

पेटंटाचा क्रमांक असल्यास तोही वाचावा. इंग्लंडांत १९१५ पर्यंत दरवर्षीं क्रमांक पुन्हां एकापासून सुरू होत, म्हणून क्रमांकाबरोबर वर्ष द्यावें लागे. १९१६ पासून १,००,००१ या आंकड्यापासून एकच अखंड मालिका चालू झाली. सबब वर्षावांचून सहा आंकडी इंग्रजी पेटंट क्रमांक दिसला कीं तो १९१६ नंतरचा. नमुन्याच्या नोंदणीचे क्रमांक निराळे. ते १८८४ सालीं एकापासून सुरू झाले व १९०० च्या आरंभीं साडेतीन लाखांच्या पुढें गेले. अमेरिकन पेटंट दहा लाखांवर १९११ सालीं, वीस लाखांवर १९३५ सालीं आणि तीस लाखांवर १९६१ सालीं पोंचलें. पेटंट निघाल्यावर तोच सांचा वीस-पंचवीस वर्षें चालतो, हें विसरूं नये. क्रमांक केवळ खालचा बांध दाखवितो.

आमच्या धंद्यास सर्वांत जवळची खूण म्हणजे पत्ता. व्हाइसवर मराठी मुलखांतील पत्ता क्वचित असतो; परंतु विकणाऱ्या दुकानदाराची पितळी पट्टी कधीं कधीं पायथ्याशीं असते, आणि त्याच टेबलाजवळ पडलेल्या पंपाच्या, इंजिनाच्या अगर चरकाच्या पाटीवर तर पत्ता हमखास असतो. जिल्ह्याचीं नांवें सरकार बदलतें, आणि तीं बदलल्याच्या तारखा दप्तरीं असतात. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा झाले. १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें आणि उत्तर सातारा पुन्हां नुसता सातारा झाला. म्हणजे 'उत्तर सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' असा शब्द पाटीवर असेल तर ती पाटी या अकरा वर्षांतलीच. इतका नेमका पुरावा इंग्रजी मालावरही मिळत नाहीं. 'औंध संस्थान' हा शब्द असेल तर ती १९४८ पूर्वींची, कारण त्या वर्षीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पत्त्यांत सहा आंकडी पिनकोड असेल तर ती १९७२ नंतरची. 'बाँबे' हें नांव १९९५ पर्यंत चालू होतें, म्हणून त्यावरून फारसें कांहीं ठरत नाहीं.

पाट्या वाचतांना दोन कारखान्यांचीं नांवें आमच्या वाचकांस वारंवार भेटतील. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानानें आरंभ केला आणि १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दुसरें नांव कूपर. धनजीशा कूपर, जे पुढें १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले, यांनीं १९२२ सालीं आमच्याच तालुक्यांत सातारा रोड येथें कारखाना काढून लोखंडी नांगर व पुढें ऑइल इंजिनें तयार केलीं. १९४० सालीं तो वालचंद समूहाकडे गेला. या ओतशाळांमुळें बिडाचें काम जाणणारी एक पिढी या खोऱ्यांत तयार झाली, आणि नांगर, इंजिन व पंप आले तेथें त्यांच्या दुरुस्तीसाठीं व्हाइसही आला. ज्या घरीं कूपरचें इंजिन होतें त्या घरीं व्हाइस शोधावा, बहुधा सांपडतो.

स्वातंत्र्यानंतरचा देशी माल ओळखणें सोपें. भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली, आणि मालावर तिचा आय्. एस्. आय्. शिक्का त्यानंतर कांहीं वर्षांनीं येऊं लागला. बेंच व्हाइसचें मानक २५८६ या क्रमांकाचें आहे. तो क्रमांक ओतलेला असेल तर इंग्रजी राज्याची गोष्टच बोलूं नये. माप मिलिमीटरांत असेल तरीही तेंच, कारण दशमान मापें आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झालीं. इंचांचें माप मात्र आजही चालतें, म्हणून तें जुनेपणाचा पुरावा होत नाहीं. बोल्टांवरूनही वय ठरवूं नये. बैलाच्या खुरांचे नाल बदलावेत तसे ते बदललेले असतात. जालंधर व लुधियाना येथील माल बाजारांत पुष्कळ आहे व त्यांतला बराच चांगलाही आहे. त्यास विलायती म्हणून विकणें तेवढें वाईट. अशी लबाडी ओळखण्याची जागा म्हणजे जबड्याची बाजू. जेथें अक्षरें असावयास पाहिजेत तेथें घांसून केलेला सपाट चकाकता पट्टा दिसला, किंवा रंग मळसूत्राच्या आट्यांच्या तळापर्यंत गेलेला दिसला, तर व्यवहार सोडून द्यावा. जुना रंग आट्यांत टिकत नाहीं.

वय ठरल्यावर प्रश्न राहतो कीं तो ठेवावा कीं विकावा. शौकिनांच्या बाजारभावाच्या गोष्टींवर आमचा विश्वास नाहीं. गिऱ्हाईक भेटलें तर भाव, नाहीं तर नाहीं. आमच्या मतें काम देणारा व्हाइस घरीं ठेवावा, आणि काम देतो कीं नाहीं हें वयावर अवलंबून नसतें. मळसूत्र अर्धें उघडून सरकता जबडा पुढेंमागें हलवून पाहावा. पाव फेऱ्याहून अधिक ढिलाई असेल तर आटे झिजले. जबडे मिटवून मधें कागद धरावा. दोन्ही टोंकांस सारखा आवळला पाहिजे. हातोडीनें हलकेंच वाजवावें. घडीव लोखंड खणखणतें, बीड बोदें वाजतें हें स्वाभाविकच. परंतु बिडाच्या एका बाजूचा नाद दुसऱ्या बाजूहून फुटका येत असेल तर आंत तडा आहे, आणि तडा गेलेला बिडाचा व्हाइस कितीही जुना असला तरी त्यावर जोर लावूं नये. पितळेच्या डाकानें सांधलेला तडा पिवळ्या रेषेवरून ओळखूं येतो. तो हलक्या कामास चालतो.

आवळतांना दांड्यास लोखंडी नळी लावून लांबी वाढविण्याची संवय आमच्याकडे फार आहे. निम्मे व्हाइस तिनेंच मोडले आहेत. मळसूत्रास वर्षांतून दोनदां, उसाच्या लागणीपूर्वीं व पावसाळा संपल्यावर, जुनें ग्रीस पुसून नवें लावावें. लांब पायाचा व्हाइस पुन्हां बसवावयाचा असेल तर त्याचा पाय नुसत्या मातींत गाडूं नये. खालीं चपटा दगड ठेवून त्यावर बाभळीचा ठोकळा बसवावा व ठोकळ्यास पायाच्या टोंकाएवढी खांच पाडावी. कमान तुटली असल्यास गाडीच्या पाट्याच्या तुकड्यापासून कोणताही चांगला लोहार ती एका दिवसांत करून देतो; मात्र तुटलेली जुनी कमान नमुन्यासाठीं त्याच्या हातीं द्यावी, टाकून देऊं नये.